‘सॉरी’ आणि पेणचे आखणीवाले

ईरा आणि तन्मय,

“हात कोणाचा?” असं विचारणारे एक गृहस्थ पेणला होते. गणपतीच्या कारखान्यात काही पडलं, मोडलं, रंग सांडला, की ते मान वर न करता एवढंच विचारायचे. आवाज चढलेला नसायचा. ओसरीवर छत्री कोणाची राहिली, असं विचारावं तसा असायचा.

त्यांच्याविषयी आत्ताच का लिहिते आहे, ते आधी सांगते. पंधरा दिवसांपूर्वी तन्मयचा निरोप आला. शाळेत रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द निवडून त्याचे अर्थ, वापर आणि मूळ लिहून आणायला सांगितलं आहे. त्याने ‘सॉरी’ निवडला, कारण “तो छोटा आहे, आजी”. मी शब्दकोश काढला आणि एका कागदावर तीन रकाने आखले. अर्थ आणि मूळ तासाभरात भरून झालं. वापराच्या रकान्यापाशी पेन थांबलं. त्याच संध्याकाळी पेणहून फोन आला की आखणीवाले गेले. कागद तसाच टेबलावर राहिला आणि मी हे पत्र लिहायला बसले.

तन्मय, तुझं काम अडू नये म्हणून मूळ इथेच देऊन टाकते. हा शब्द जुन्या इंग्रजीतला आहे आणि ‘सोअर’ या शब्दाच्या घरातला आहे. सोअर म्हणजे दुखरी जागा, जखम. ज्याला दुखतं आहे तो सॉरी, असा त्याचा पहिला अर्थ. ‘सॉरो’, म्हणजे दुःख, हा शब्द त्याचा भाऊ वाटतो, पण तो वेगळ्या घरातला; शेजारी राहून दोघांचे चेहरे सारखे झाले. माफी मागायला हा एवढासा शब्द नुसताच वापरायची पद्धत फार पुढे आली. आपल्याकडे पाहायला गेलं तर माफी अरबी-फारसीतून आली, दिलगिरी फारसीतून आली, क्षमा संस्कृतातून. आमच्या रोहा-पेणच्या गावांत बायका यांतलं काहीच म्हणत नाहीत. त्या म्हणतात, “चुकला गो माजा.”

आता त्या गृहस्थांकडे येते.

मी राहायचे रोह्याला आणि शिकवायचे पेणच्या शाळेत. सकाळच्या गाडीने नागोठणे, कासू करत पेणला उतरायचं आणि चालत शाळेत जायचं. शाळेच्या मागच्या गल्लीत तो कारखाना होता. पेणला गणपतीच्या कारखान्याला कारखानाच म्हणतात. तुम्ही यंत्रं आणि धुराडी डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याचं लांब छप्पर, दोन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर रांगेने मूर्ती आणि खाली पोत्यावर बसलेली माणसं. शाडूच्या मातीचा थंड वास रस्त्यावरसुद्धा यायचा.

मूर्तीचे डोळे रंगवायच्या कामाला आखणी म्हणतात. ते सगळ्यात शेवटी होतं आणि सगळ्यांना जमत नाही. आमचे गृहस्थ फक्त आखणी करायचे. बारीक अंगाचे, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, शेजारी पाण्याचा पेला. मूर्ती मांडीशी घेतली की श्वास धरायचे. एक डोळा काढायचा, श्वास सोडायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, मग दुसरा डोळा. मध्ये कोणी हाक मारली तरी उत्तर नाही. मालक स्वतः जेवायला बोलवायला आले तरी नाही.

“एका डोळ्याचा देव ठेवून जेवायला बसायचा नाय,” म्हणायचे.

एकदा मुंबईचे एक गिऱ्हाईक तक्रार करत होते की गणपती जरा रागावल्यासारखा दिसतो. यांनी मूर्तीकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे पाहिलं.

“सकाळपासून तुमच्याकडंच बघतोय ना तो. घरी न्या. बाकीच्यांना बघून हसंल.”

माझीही ते थट्टा करायचे. मी गल्लीतून जाताना दिसले की कारागिरांना ओरडून सांगायचे, “इंग्लिशच्या बाई आल्या. गणपतीला गुड मॉर्निंग बोलायला सांगा रे!” आणि सगळा कारखाना हसायचा. मीही हसायचे. एखाद्या दिवशी ते ओरडले नाहीत तर मला चुकल्यासारखं वाटायचं.

“हात कोणाचा?” या प्रश्नाची तिथे एक रीत होती. ज्याचा असेल त्याने “माझा” म्हणायचं. बस, रागावणं नाही, पगार कापणं नाही. त्याने येऊन यांच्याशेजारी बसायचं आणि मोडलेलं त्याच हाताने नीट करायचं, हे बाजूला बसून सांगणार. त्याखेरीज दुसऱ्या कोणी त्या मूर्तीला हात लावायचा नाही. नवीन लागलेली एक बाई एकदा रंगाची वाटी सांडून “सॉरी सॉरी सॉरी” म्हणत उभी राहिली, तर हे म्हणाले, “तीन सॉरी झाल्या. आता फडका आण.”

मी हा किस्सा वर्गात सांगितला होता. मुलं पोट धरून हसली होती. त्यातूनच नववीच्या वर्गाला कारखाना दाखवायला न्यायचं ठरलं.

श्रावणातला दिवस होता. गणपतीला पंधरा-वीस दिवस राहिले होते, त्यामुळे फळ्या गच्च भरलेल्या. चाळीस मुलं-मुली एकामागे एक, कारण मधली वाट एका माणसापुरती. माझ्या मागे प्रणाली होती. ही कासूहून गाडीने येणारी मुलगी. भातशेती करणाऱ्या घरातली, अबोल. पाठीवर तिच्या मानाने फार मोठं दप्तर. गाडीने यायची म्हणून ती ते कुठेच ठेवायची नाही.

रांग मागे तुटली का ते पाहायला मी वळले. माझ्या खांद्याला पर्स होती. पर्सचा पट्टा कशाला तरी अडकल्याचं मला कळलं. मी तो ओढला. गणपतीचा आशीर्वादाचा हात होता तो. मूर्ती फळीवरून कलली आणि खाली आली.

कच्च्या मातीचा आवाज मडक्यासारखा होत नाही. शिळी भाकरी मोडावी तसा होतो. हात निखळला, सोंड दोन ठिकाणी तुटली. चेहरा तेवढा शाबूत होता, आणि त्या चेहऱ्यावर डोळे काढून झालेले होते.

याचा अर्थ तुम्हाला तिकडे लांब राहून चटकन कळणार नाही. डोळे काढेपर्यंत ती माती असते. मोडली तर भिजवून परत करतात, कोणाला काही वाटत नाही. डोळे झाले की शास्त्र काहीही म्हणो, माणसांना तो देव वाटतो.

“हात कोणाचा?” आखणीवाले म्हणाले.

मी म्हणाले, “सॉरी हं. मुलं आहेत, धक्का लागला असेल कोणाचा तरी.”

हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. पण बोलले मीच. इतकी वर्षं वर्गात उभं राहून बोलणाऱ्या बाईला शब्द आपोआप सुचतात, आणि ते नीटनेटकेही असतात.

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा, अगदी हळू, विचारलं, “हात कोणाचा?”

मागून कोणीतरी म्हणालं, “प्रणाली, तुझी बॅग गो!” सगळे तिच्याकडे वळले. तिने मागे हात नेऊन दप्तर चाचपलं.

“सॉरी काका,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

“तू रडू नको. मी तुला इचारला नाय,” ते म्हणाले.

तुम्ही तिथे असतात तर हे वाक्य तुम्ही नक्की टिपलं असतंत. मुलांनी टिपलं नाही. मी टिपलं, आणि म्हणाले, “चला, रांगेत चला.” बाहेर पडताना मागे पाहिलं तेव्हा ते ओल्या फडक्याने मूर्तीचे डोळे पुसत होते. मोडलेल्या देवाने बघत राहू नये म्हणून. मग त्यांनी ती दाराजवळच्या वरच्या फळीवर ठेवली.

ती तिथेच राहिली. कोणी नीट केली नाही, कारण कोणी “माझा” म्हटलं नव्हतं.

त्यानंतर मी गल्लीतून गेले की ते गुड मॉर्निंगचा पुकारा करत नसत. पोत्याची एक घडी बाजूला सरकवायचे आणि म्हणायचे, “बसा की, बाई.” मी म्हणायचे, “गाडीची वेळ झाली.” असं चार-पाच वेळा झालं. मग मी बाजारातून वळसा घालून स्टेशनवर जायला लागले. दहा मिनिटं जास्त लागायची. घरी आजोबांना सांगितलं की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

त्याच साली दिवाळीनंतर आजोबांच्या छातीत दुखलं. गाडी करून पनवेलला नेताना माझ्या मनात पहिली गोष्ट कोणती आली, हे मी कोणालाही सांगितलं नाही. देवाधर्माचं थोतांड मानू नये असं वर्गात सांगणारी मी. माझ्या मनात ती फळीवरची मूर्ती आली.

पण माझ्याबाबतीत ते मनातच राहिलं. प्रणालीबाबतीत तसं झालं नाही, हे मला तीन वर्षांनी कळलं.

गणेश चतुर्थीची सकाळ होती. रोह्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो दूर्वा, केवडा, नारळ घेऊन पळत होता. बेकरीच्या दारात प्रणाली उभी होती. हातात पावाची लादी. बारावीला गेली होती, उंच झाली होती.

“तू इथे कशी गो? घरी गणपती नाही?”

“हाय ना बाई. पण मी नसते.”

“नसते म्हणजे?”

“मामाकडे असते मी गणपतीत. मामांकडे बसत नाय गणपती. मामा-मामी पण गावाला गेलेत.” मग माझ्या तोंडाकडे पाहून तिनेच समजावून सांगितलं, जणू मलाच वाईट वाटू नये. त्या साली घरी गणपती असताना दुसऱ्या दिवशी तिचे वडील मोटरसायकलवरून पडले. पायात सळई घालावी लागली. शाळेतल्या पोरींनी मूर्तीची गोष्ट गावात नेलीच होती. तिच्या आजीने ठरवलं, हिने देव मोडला, आता गणपती असेपर्यंत ही घरात नको. “आजी वाईट नाय, बाई. भाऊजींचा पाय बघून घाबरली ती.” वडिलांना ती भाऊजी म्हणायची. “आणि हात माझाच होता ना. बॅग मोठी होती माझी.”

कोकणात गणपतीला माणसं कुठून कुठून येतात. नोकरी सोडून येतात, उभ्याने प्रवास करून येतात. त्या चार-पाच दिवसांत ही पोरगी रोह्याच्या रिकाम्या घरात पाव खाऊन राहत होती.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, त्या बेकरीच्या दारात. मी काय म्हणाले ते सांगू? म्हणाले, “आय अॅम सो सॉरी, बाळा.” आणि तिला घरी जेवायला बोलावलं. ती आली नाही.

आणखी एक वर्ष गेलं. मी निवृत्त झाले. माझ्या निरोप समारंभात एका मुलीने भाषण केलं की बाईंनी आम्हाला चूक कबूल करायला शिकवलं. टाळ्या वाजल्या. त्या आठवड्यात मी पेणला गेले, वळसा न घालता.

गणपती नुकतेच होऊन गेलेले, कारखाना बहुतेक रिकामा. ते एकटे बसले होते, मांडीशी एक लहान मूर्ती. एक डोळा झाला होता. मी समोर उभी राहिले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, श्वास धरला, दुसरा डोळा सुरू केला. हात आता किंचित कापत होता, म्हणून वेळ लागत होता. मला थांबावं लागलं. तोंडात आलेलं वाक्य धरून एवढा वेळ मी कधी उभी राहिले नव्हते.

“बोला,” ते म्हणाले.

“तो हात माझा होता.”

“ठाऊक हाय. बसा.”

मी पोत्यावर बसले. त्यांनी फळीवरून ती मूर्ती उतरवली, धूळ पुसली. मी विचारलं, माती कुठे आहे, काय करायचं. ते हसले.

“आता नाय व्हायचा ता, बाई. चार वर्सं सुकलेल्या मातीला ओली माती धरत नाय. तेवाच बसला असतात तर सोंड लागली असती. आता भिजवायची आणि पयल्यापासून करायची.” त्यांनी मूर्ती टबात सोडली. तिच्यातून बुडबुडे आले.

मला राग आला. स्वतःचा होता, पण तो त्यांच्यावर निघाला. “तुम्ही पाहिलं होतंत ना? मग सांगितलं का नाहीत?”

“मी सांगितला असता तर तुमाला पकडला असता. पकडलेला माणूस दुरुस्ती करत नाय, बाई. नुसता खाली बघतो. इथं आपली रीत तशी.”

“तुमच्या रितीपायी ती पोर चार वर्षं गणपतीला घराबाहेर आहे,” मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. रोहा, बेकरी, वडिलांचा पाय, आजी.

त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते ऐकत होते आणि हातातला ब्रश पाण्यात तसाच बुचकळत होते, पाण्याचा रंग काळा होईपर्यंत. त्यांना वाटत आलं होतं की हा हिशेब त्यांच्यात आणि माझ्यात आहे. पोरीला “तुला इचारला नाय” म्हटलं म्हणजे ती सुटली, असं ते धरून बसले होते.

मग ते स्वतःलाच विचारावं तसं म्हणाले, “हात कोणाचा?” आणि उत्तरही त्यांनीच दिलं. “दोघांचा.”

त्यांनी उठून सदरा घातला. “कासूची गाडी कधी हाय?”

प्रणालीचं घर स्टेशनपासून वीस मिनिटांवर होतं. वाटेत ते एकदाच बोलले. म्हणाले, तुमी आधी बोला, मग मी. आजी पडवीत बसून सुपात वाल निवडत होत्या. प्रणालीची आई पाणी घेऊन आली. प्रणाली पनवेलला कॉलेजात होती. मी उभ्यानेच सांगितलं. आधी ‘सॉरी’ येऊ दिलं नाही. पट्टा माझ्या पर्सचा होता, ओढला मी, आणि तुमच्या नातीवर ढकललं तेही मी, असं सरळ सांगितलं.

आजींचे हात सुपात थांबले.

“आता आलीस व्हय सांगायला? चार गणपती गेले पोरीचे.” मग सुनेकडे वळून म्हणाल्या, “शिकलेली बाय ही. पोरांना शिकवते म्हनं.”

“चुकलं माझं,” मी म्हणाले.

“चुकला तर चुकला. ता काय मी आता सुपात घेऊन पाखडू?”

आखणीवाले पुढे झाले. हात जोडलेले होते. “आजी, दोन हात होते. एक माजा. मी तिथंच होतो.”

“तुमी कोन?”

“गणपतीचे डोळे काढतो.”

आजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “देवाचे डोळे काढता. मग तुमाला दिसला नाय?”

“दिसला,” ते म्हणाले. “बोललो नाय.”

आईने आतून चहा आणला. आजींनी “घ्या” म्हटलं नाही, पण “नको” असंही म्हटलं नाही. चहा पिऊन आम्ही निघालो.

कासू स्टेशनवर आम्हाला वेगवेगळ्या गाड्या धरायच्या होत्या. त्यांची पेणकडे, माझी रोह्याकडे. बाकावर बसून ते समोरच्या खाचरांकडे पाहत होते.

“म्हातारीनं बरोबर इचारला,” ते म्हणाले. पाच मिनिटांनी पुन्हा तेच म्हणाले.

पुढे ऐकलं की त्यांनी कारखान्यातली रीत बदलली. “हात कोणाचा?” विचारायचेच, पण कोणी बोललं नाही आणि त्यांनी पाहिलेलं असलं, तर वाट पाहायचे नाहीत. “मी बघितला. तुजा हाय, ये, बस,” म्हणून मोकळे व्हायचे. कारागिरांना ते आवडलं नाही. म्हातारा कटकट्या झाला, असं म्हणायचे. दोन वर्षांनी हाताचं कापणं वाढलं आणि त्यांनी आखणी थांबवली. तरी येऊन बसायचे. मी मधूनमधून जायचे, त्यांनी सरकवलेल्या पोत्यावर बसायचे. आम्ही त्या गोष्टीबद्दल बोललो नाही. ते विचारायचे, “पोर गेली काय यंदा घरी?” मी सांगायचे, “गेली.” मग त्यांना दुसरं काही बोलायला सुचायचं.

प्रणाली मला भेटायला एकदाच आली, रोह्याच्या घरी, आम्ही कासूला जाऊन आल्यावर महिन्याभरात. मी तिची माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. ती चिडेल असं मला वाटलं होतं, रडेल असंही वाटलं होतं. ती गोंधळलेली होती.

“पण बाई, मला आठवतं ना,” ती म्हणाली. “बॅगेला लागलेलं मला आठवतं. पाठीवर धक्का बसलेला. अजून आठवतं. मग ते काय आहे?”

चार वर्षं तिने ते इतक्या वेळा आठवलं होतं की ते तिचं झालं होतं. ते मी तिच्याकडून परत घेऊ शकत नव्हते.

तन्मय, वापराच्या रकान्यात तू नेहमीच्या गोष्टी लिही. ऐकू आलं नाही की सॉरी म्हणतात, गर्दीत वाट काढताना म्हणतात, कोणी गेल्याचं कळलं की म्हणतात. बाईंना तेवढं पुरेल. मला पुरलं नाही म्हणून एवढं लिहिलं. आणि ईरा, तू मोठी आहेस, तू त्याला हे वाचून दाखव. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो.

आखणीवाल्यांच्या दहाव्याला मी पेणला जाऊन आले. त्यांच्या जागेवर आता एक तरुण बाई बसते. ती श्वास धरत नाही, कानाला फोन लावून बोलता बोलता डोळे काढते, आणि चांगले काढते. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. दाराजवळच्या वरच्या फळीवर रंगाचे डबे होते.

प्रणालीचं लग्न झालं, ती खोपोलीला असते. मला ती फोन करत नाही, आणि मीही करत नाही. तिची आई गाडीत भेटते, तिच्याकडून कळतं. प्रणाली दर गणपतीला कासूला येते.